भट्टीतली उतरंड

मराठी घरांतून उतरंड नाहीशी झाली त्याला आता पुष्कळ वर्षे लोटली. तळाशी पोटदार डेरा, त्यावर उत्तरोत्तर लहान होत जाणारी मडकी आणि शेंड्यावर झाकणी घातलेले एखादे बोळके, असा तो मातीचा मनोरा आमच्या पिढीतील ज्यांनी पाहिला असेल, त्यांनी तो आजोळच्या एखाद्या काळोख्या कोठीतच पाहिला असेल. उतरंडीला दाणा नसला तरी चालेल, पण दादला मानमरातबाचा असावा, अशा अर्थाची एक म्हण आहे. आमच्या घरी तिचा उच्चार महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात होतो. तो कोणत्या स्वरात होतो, हे परप्रांतात सरकारी नोकरी करणाऱ्या आमच्या वाचकबंधूंस निराळे सांगावयास नको.

उतरंड रचणे हे वाटते तितके सोपे काम नव्हे. वरच्या मडक्याचे बूड खालच्याच्या तोंडात बसते आणि सगळा भार काठावर येतो. काठ गोल असल्यामुळे तो भार चोहोंकडे सारखा वाटला जातो. तोच भार पोटाच्या एखाद्याच बाजूवर पडला, तर खालचे मडके बसल्या जागी तडकते. आमच्या आज्या हे कोणत्याही ग्रंथात न वाचता जाणत होत्या. आम्ही पदवीधर असून आम्हांस हे कळले ते चंडीगढच्या इंडस्ट्रियल एरियात, तिशी उलटल्यावर, आणि तेही एका विजेच्या भट्टीच्या दारात उकिडवे बसून.

चंडीगढला बदलून येणारा मराठी मनुष्य प्रथम रुंद रस्ते, वर्तुळाकार चौक आणि सुखना तलाव पाहून खूष होतो. इंडस्ट्रियल एरियाकडे तो सहसा फिरकत नाही. ल कॉर्बुझिए यांनी 1951 साली या नगराचा आराखडा हाती घेतला तेव्हा मनुष्यदेहाची उपमा त्यांच्या मनात होती, असे सांगतात. कॅपिटॉल हे मस्तक, सतरावा सेक्टर हे हृदय, आणि पूर्वेला रेल्वेच्या बाजूस वसविलेला उद्योगांचा भाग म्हणजे पोटातली आतडी. शहर आणि हा भाग यांच्यामध्ये झाडांचा एक रुंद पट्टा राखून ठेवला आहे, तो आतड्यांचा आवाज मस्तकापर्यंत जाऊ नये म्हणूनच असावा. आता आतड्यांचेही रूप पालटत चालले आहे. 2005 साली येथील औद्योगिक भूखंड व्यापारी कामासाठी बदलून देण्याची योजना निघाली. 2013 साली इलांटे हा प्रचंड मॉल येथेच उघडला. पण दुसऱ्या फेजमधल्या गल्ल्यांतून अजूनही लेथ फिरतात, लोखंडाचा कीस दारापुढे साठतो आणि तेलकट कपड्यांतली पोरे ट्रकची चाके ढकलीत नेताना दिसतात. अशाच एका गल्लीत, नटबोल्ट पाडणाऱ्या एका कारखान्याच्या पाठीला पाठ लावून, मातीकामाची एक शेड आहे. तेथे तीन चाके, एक विजेची भट्टी आणि सत्तरीला टेकलेले एक उस्तादजी आहेत. उस्तादजी मूळचे खुर्ज्याचे. उत्तर प्रदेशातल्या बुलंदशहर जिल्ह्यातले हे गाव चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. आपण कचेरीत ज्या कपांतून चहा पितो त्यांतले कितीतरी तिकडून आलेले असतात.

आम्ही तेथे गेलो ते आमच्या सौभाग्यवतींमुळे. या बाई नागपूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवीत असत. आमच्या बदलीचा हुकूम आला तेव्हा त्यांनी प्रथम बिनपगारी रजा घेतली, रजा संपल्यावर राजीनामा दिला, आणि सरकारी क्वार्टरच्या दोन खोल्यांत येऊन राहिल्या. पहिले वर्ष घर लावण्यात गेले. दुसऱ्या वर्षी लावण्यासारखे काही उरले नाही. त्या वर्षाविषयी आम्ही येथे लिहीत नाही; ज्यांच्या घरी असे वर्ष होऊन गेले आहे त्यांना ते ठाऊक आहे, आणि इतरांना लिहून कळावयाचे नाही. तिसऱ्या वर्षी कन्येच्या शाळेतल्या कोणा पंजाबी बाईंबरोबर त्या या शेडमध्ये गेल्या. संध्याकाळी परतल्या तेव्हा कोपरापर्यंत चिखल होता आणि कपाळावरही त्याचा एक टिळा होता. त्या रात्री जेवताना त्या बऱ्याच बोलल्या. मातीत पाणी किती असते, चाकाचा वेग कुठे कमी करावा, उस्तादजी कसे बसतात, असे पुष्कळ काही. आम्हांस त्यातले फारसे कळले नाही, पण आम्ही दुसऱ्यांदा भात घेतला.

तेव्हापासून चार महिने त्या काम करीत होत्या. शहरातल्या एका दुकानाने छत्तीस पेले, चोवीस वाडगे आणि बारा बशा मागविल्या होत्या. त्यांच्या आयुष्यातली ही पहिली मागणी. शिवाय स्वतःच्या हौसेने त्यांनी एक रांजण घडविला होता, कमरेपेक्षा थोडा कमी उंचीचा. चंडीगढचा पौष-माघ धुक्याचा असतो. आठ-आठ दिवस ऊन पडत नाही, आणि माती वाळता वाळत नाही. फाल्गुन लागला, ऊन तापू लागले आणि उस्तादजींनी भट्टी लावण्याचा दिवस सांगितला. तो शनिवार होता. आम्हांस सुटी असल्यामुळे आमची नेमणूक वस्तू हातात देण्याच्या कामावर झाली.

या पहिल्या भाजणीला उस्तादजी ‘बिस्कुट’ म्हणतात. बिस्किट या शब्दाचा मूळ अर्थ दोनदा भाजलेले असा आहे. चहाबरोबरच्या बिस्किटाला तो एके काळी लागू होता. भांड्याचे मात्र उलट आहे. एकदाच भाजले की ते बिस्किट होते, आणि दुसऱ्यांदा, झिलई चढवून भाजले की ते बिस्किट राहत नाही. आमच्याकडच्या कुंभाराच्या आव्याला हा दोन पायऱ्यांचा व्यवहार ठाऊक नाही. तेथे मडकी, गोवऱ्या, भुसा आणि पाचोळा यांचे थर एकावर एक लावतात, वरून खापऱ्या आणि चिखल थापतात आणि एकाच आगीत काय ते होऊन जाते. आमच्या घरी ‘भाजणी’ म्हणजे थालीपिठाची. शेडमधून घरी फोन करून ‘आज भाजणी आहे, उशीर होईल’ असे सांगितले तेव्हा पलीकडून कन्येने ‘मग दही पण आणा जी’ असे उत्तर दिले. हा ‘जी’ तिला येथे आल्यापासून चिकटला आहे. हल्ली तिची वाक्ये मराठीत सुरू होऊन पंजाबीत संपतात. यंदा तिला पहिलीत घालावयाचे आहे.

आता त्या दिवसाच्या रचण्याविषयी सांगतो. 

आधी प्रत्येक भांडे उस्तादजी गालाला लावून पाहत. मातीत पाण्याचा अंश उरला असेल तर ते पाणी उडताना भांडे थंड ठेवते, आणि तो थंडपणा हातापेक्षा गालाला लवकर कळतो. तसे भांडे भट्टीत गेले तर आतल्या पाण्याची वाफ होते, वाफेला वाट मिळत नाही, आणि भांडे फुटून शेजारच्या चार भांड्यांनाही घेऊन जाते. दोन पेले त्यांनी गालाला लावून बाजूला ठेवले. सौ. काही बोलल्या नाहीत. विज्ञान शिकविलेल्या माणसाला थंड गालाचा पुरावा पुरेसा असतो.

भट्टी चौकोनी, समोरून दार असलेली. आतल्या भिंतींच्या खाचांतून विजेच्या तारांची वेटोळी फिरविलेली. तळाच्या विटांवर एकदम भांडी ठेवीत नाहीत. प्रथम बोटभर उंचीचे तीन खुंट ठेवून त्यांवर एक लादी बसवितात, म्हणजे खालूनही उष्णता फिरते. लादी आणि खुंट दोन्ही भाजलेल्या तापरोधक मातीची. लादीच्या वरच्या अंगाला चिनी माती आणि ॲल्युमिना यांचा पांढरा हात दिलेला असतो, एरवी झिलईचा थेंब पडला तर भांडे लादीला कायमचे चिकटते. खुंट तीनच का, असे आम्ही विचारले. चार पायांचे आसन अधिक भक्कम, हा आमच्या कचेरीतला अनुभव. उस्तादजींनी उत्तर न देता चौथा खुंट लावून दाखविला आणि लादी हलविली, ती डुगडुगली. तो काढून पुन्हा हलविली. ती स्वस्थ बसली. तिवई कधी डुगडुगत नाही, हे आम्ही भूमितीत शिकलो होतो. तीन बिंदूंतून एकच प्रतल जाते वगैरे. पण परीक्षेत गुण मिळविण्यापलीकडे त्या सिद्धान्ताचा काही उपयोग असेल, अशी शंका आम्हांस कधी आली नव्हती.

दुसरा नियम याहून महत्त्वाचा. वरच्या लादीचे तीन खुंट खालच्या लादीच्या तीन खुंटांच्या बरोबर डोक्यावर आले पाहिजेत. पाठीमागे एक, पुढे दोन, आणि तळापासून माथ्यापर्यंत त्याच तीन उभ्या ओळी. मग वर कितीही माल चढवा, भार खुंटाकडून खुंटाकडे सरळ तळाला जातो. मधल्या लाद्यांना आपापल्या भांड्यांपलीकडे काहीच उचलावे लागत नाही. एखादा खुंट चार बोटे सरकला, तर मात्र वरचा सगळा भार लादीच्या मोकळ्या भागावर येतो. थंड असताना ती तो सोशीलही, पण हजार अंशांवर लादीही थोडी नरमते आणि खाली वाकते. असा एक मनोरा खुर्ज्याला कोसळला होता तेव्हा उस्तादजी पोरवयाचे होते. दार उघडल्यावर त्यांचे वडील बराच वेळ आत पाहत उभे राहिले, मग दार लावून घेऊन घरी गेले, एवढे त्यांना आठवते.

कचेरीत आम्ही फायली रचतो. फाईल आडवी ठेवा, उभी ठेवा, जुनी वर ठेवा की नवी वर ठेवा, तिला त्याचे काही नसते, आणि ढीग कोसळला तरी एकही कागद फुटत नाही. बारा वर्षे या सवयीत गेल्यावर, ठेवलेली वस्तू कशी ठेवली यावर तिचे बरेवाईट अवलंबून असते, हे पाहून आम्ही अंमळ चपापलो.

भांडी काठाला धरून उचलावयाची नाहीत, कानाला तर नाहीच. दोन्ही तळहात खाली घालून, लहान मूल घ्यावे तसे घ्यावयाचे. कच्चे वाळलेले भांडे दिसते दगडासारखे, पण अंगात बिस्किटाइतकेही बळ नसते. रांजण सर्वांत आधी तळाशी, मध्यभागी गेला. त्याच्या पोटात उस्तादजींनी चार पणत्या ठेवल्या. जागा वाया घालविणे त्यांच्या स्वभावात नाही. त्याची झाकणी त्याच्याच तोंडावर ठेवली. झाकणी आणि भांडे एकत्र भाजले म्हणजे आगीत दोघांचा आकार बदलला तरी बरोबरच बदलतो, आणि नंतर एकमेकांस बसतात. मग पेले. पेल्याच्या काठावर काठ लावून दुसरा पेला पालथा, त्याच्या बुडावर बूड टेकून तिसरा सुलटा, असे तिघे-तिघे. वाडगे एकात एक बसविले, पण आतल्याचे बूड बाहेरच्याच्या बुडावर टेकले आहे आणि कडेच्या भिंती कुठे दाबल्या जात नाहीत हे बोट फिरवून पाहून. आतला वाडगा बाहेरच्यात पाचरीसारखा अडकला, तर तापताना फुगण्याला जागा राहत नाही आणि बाहेरचा उलतो. बशा सर्वांत लाडावलेल्या. त्यांची उंच चळत लावली तर मधल्यांना उष्णता पोहोचत नाही, कड आधी तापते आणि पोट मागे राहते. म्हणून दोन-दोनच, खाली बारीक वाळू पसरून, म्हणजे सरकावयास वाव राहतो. सारख्या उंचीची भांडी एका लादीवर, आणि खुंट त्यांतल्या सर्वांत उंच भांड्याहून बोटभर अधिक. शेवटी दारातल्या भोकातून दिसेल अशा जागी एक शंकू. हे शंकू निरनिराळ्या मिश्रणांचे असतात आणि ठरलेल्या उष्णतेला मान टाकतात. बर्लिनच्या हर्मान झेगर यांनी 1886 साली ते काढले. आता भट्टीला आकडे दाखविणारा तापमापक आहे, तरी उस्तादजी शंकू ठेवतातच. आकडा हवेचा ताप सांगतो, शंकू मातीने किती सोसले ते सांगतो, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि ते शास्त्राला धरून आहे.

आम्ही एक पेला दुसऱ्याला लागू नये म्हणून अंतर ठेवून देत होतो. उस्तादजी हसले. म्हणाले, ‘‘बाबूजी, इस आग में लग जाए तो कोई बात नहीं. दूसरी में मत लगने देना.’’ बिस्किटाच्या आगीत भांड्यांवर झिलई नसते. माती मातीला कितीही टेकली तरी ती चिकटत नाही. म्हणून एकमेकांच्या पोटात, डोक्यावर, खांद्याला खांदा लावून बसली तरी चालते. झिलईच्या आगीत अंगावरची काच वितळते आणि जे जे शेजाऱ्याला लागेल ते ते त्याला जन्मभरासाठी जडते. तेथे प्रत्येकाभोवती मोकळी जागा ठेवावी लागते. त्याच भट्टीत दुसऱ्या खेपेला निम्मा माल मावतो.

कोण कुठे आणि कसे टेकले होते याची खूण भांड्यावर राहते, हे आमच्या सौ.ना नागपुराकडचे म्हणून ठाऊक होते. जुनापाणी, माहुरझरी येथील शिलावर्तुळांच्या खाली जी महापाषाणयुगीन भांडी सापडली, त्यांतली पुष्कळशी आतून व काठाला काळी आणि बाहेरून तांबडी आहेत. ती आव्यात पालथी ठेवून भाजली, आतल्या अंगाला हवा मिळाली नाही म्हणून काळी राहिली, असे पंडित सांगतात. अडीच हजार वर्षांमागे कोणा कुंभाराने मडके उपडे ठेवले, आणि ते आजही तसे दिसते.

कुंभार आणि पंजाब हे दोन शब्द एकत्र आले की मराठी मनाला नामदेव आठवावे, हे साहजिक आहे. तेरच्या गोरोबाकाकांच्या घरी संतांचा मेळा जमला होता. मुक्ताईने थापटणे पाहून हे काय म्हणून विचारले. गोरोबांनी त्याने मडके कच्चे की पक्के ते कळते असे सांगून एकेकाच्या डोक्यावर ते थापटावयास आरंभ केला, आणि नामदेव कुरकुरले म्हणून त्यांना कच्चे ठरविले. ही कथा सर्वांस पाठ आहे. थापटण्याची परीक्षा खरी आहे, हे आम्ही आता स्वानुभवाने सांगू शकतो. कच्चे भांडे टिचकीला बद्द वाजते, भाजलेले खणखणते, आणि तडा गेलेले असेल तर आवाज मध्येच विझतो. ते कच्चे मडके पुढे औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले आणि उत्तरायुष्यात, परंपरा सांगते त्याप्रमाणे, गुरुदासपूर जिल्ह्यातल्या घुमान गावी कित्येक वर्षे राहिले. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदे आहेत. एप्रिल 2015 मध्ये 88 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्या घुमानला भरले होते. उस्तादजींच्या शेजारी कारखाना चालविणारे सरदारजी नामदेवांना ‘भगत नामदेव जी’ म्हणतात आणि ते आमच्या गावाकडचे, हे कळल्यापासून आमच्याकडून चहाचे पैसे घेऊ देत नाहीत. सातशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या पुण्याईवर आम्ही इंडस्ट्रियल एरियात फुकट चहा पितो.

ज्या सरकारी नोकराने या शहरात खापऱ्यांचे सोने केले त्याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे आमच्या वर्गाला शोभणार नाही. नेकचंद सैनी हे सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्त्यांचे निरीक्षक होते. 1957 च्या सुमारास त्यांनी कामाच्या वेळेनंतर, कोणाला न सांगता, राखीव जंगलाच्या जागेत फुटक्या कपबशा, बांगड्या, फरशांचे तुकडे आणि मोडकी न्हाणीघरातली भांडी नेऊन मूर्ती रचावयास आरंभ केला. वरिष्ठांना याचा पत्ता लागावयास सतराअठरा वर्षे लागली. 1976 साली ती रॉक गार्डन म्हणून लोकांस खुली झाली, 1984 साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि 2015 साली ते वारले. विनापरवाना बांधकामाची फाईल इतकी वर्षे कोणाच्याच टेबलावर आली नाही, हे कारकुनी पेशाच्या इतिहासातले एक सुखद पान आहे.

संध्याकाळी सातच्या सुमारास भट्टी भरली. सौ.नी हात धुतले, पदराला पुसले आणि दार लावण्यापूर्वी विजेरी घेऊन एकदा वरपासून खालपर्यंत पाहिले. चार महिने त्या एका चौकटीत मावले होते. त्या आठवड्यात नागपूरच्या शाळेचे पत्र आले होते, हे येथे सांगितले पाहिजे. जागा रिकामी झाली आहे. जूनपासून याल का. पंधरा दिवसांत कळवावे. ते पत्र देवघराच्या फळीवर, उदबत्तीच्या पुड्याखाली, आले तसे पडून होते. ‘तुमचे काय मत?’ असे त्यांनी विचारले नव्हते आणि आम्हीही मत दिले नव्हते. आमची बदली नागपूरला होण्याचा संभव निदान दोन वर्षे नाही. भट्टी चांगली निघाली तर त्या येथे राहतील आणि भट्टीने दगा दिला तर त्या जातील, असा एक हिशेब आम्ही मनाशी मांडला होता. आम्ही जे हलक्या हाताने पेले देत होतो त्यात या हिशेबाचाही भाग होता.

रविवारी सकाळी सहाला उस्तादजींनी कळ दाबली. पहिले काही तास दार बोटभर उघडे ठेवून अगदी मंद आच. पाणी जाऊ द्यावयाचे. आम्ही भोकापाशी आरसा धरला तो धुरकटला. पुढे दार लागले, आकडे भराभर चढू लागले. हाताला खडखडीत कोरडी लागणारी माती खरोखर कोरडी नसते. शुद्ध चिनी मातीच्या वजनाचा सुमारे 14 टक्के भाग तिच्या कणांत बांधलेल्या पाण्याचा असतो, आणि तो सुटतो 450 अंशांच्या पुढे. तोपर्यंत भांडे पाण्यात टाकले तर विरघळून पुन्हा चिखल होईल, त्यानंतर नाही. 573 अंशांना मातीतली गार एकाएकी फुगते, म्हणून तो टप्पा सावकाश ओलांडतात, चढताना आणि उतरतानाही. दुपारी आकडा 600 च्या पलीकडे गेला तेव्हा सौ. स्टुलावर बसून वही तपाशीत असाव्यात तशा त्याकडे पाहत होत्या. ‘‘अहो,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आता हिची परत माती व्हायची नाही.’’ आम्ही ‘हूं’ म्हटले. बाहेर नटबोल्टांचा कारखाना रविवारचा बंद होता आणि गल्लीत इतकी शांतता होती की तारांचा गुणगुणाट ऐकू येत होता. संध्याकाळी भोकातून पाहिले तर आत सगळे नारिंगी झाले होते. भांडी आणि लाद्या वेगळ्या ओळखू येईनात. रात्री साडेआठला शंकू वाकला. तापमापक 1000 च्या दोन-तीन अंश अलीकडे होता. कळ बंद झाली.

भट्टी भरण्यापेक्षा आणि जाळण्यापेक्षा ती निवू देणे कठीण. सोमवारी आम्ही कचेरीत होतो. उस्तादजींच्या हुकुमाने दाराला कोणी हात लावावयाचा नव्हता. मंगळवारी संध्याकाळी आम्ही शेडवर गेलो.

दार उघडले. गेलेला रंग राखाडी होता, आलेला फिका गुलाबी, मावळतीच्या ढगासारखा. तिन्ही ओळींचे खुंट जागच्या जागी होते. उस्तादजी एकेक भांडे काढून नखाने वाजवीत आणि सौ.च्या हातात देत. आमच्याकडे या खेपेस काही काम नव्हते. पेले चौतीसच्या चौतीस खणखणले. वाडगे सगळे. बशांपैकी एकीची कड दोन बोटे चिरली होती, सौ.नी ती उजेडाकडे धरली आणि ‘‘वाळतानाच गेली होती ही,’’ म्हणून बाजूला ठेवली. रांजण दोघांनी मिळून बाहेर काढला. उस्तादजींनी त्याला तळहाताने थापटले. त्याचा नाद शेडमध्ये घुमून खाली येईपर्यंत कोणी बोलले नाही. मग सौ.नी झाकणी उचलून आत हात घातला आणि चारही पणत्या एकेक करून काढल्या.

घरी आल्यावर देवघराच्या फळीवर पत्र नव्हते. त्या जागी स्पीड पोस्टाची पावती होती. पावती दिसली की कारकुनाचा डोळा आधी तारखेवर जातो. तारीख सोमवारची होती.

‘‘भट्टी उघडायच्या आधीच धाडलंत?’’ आम्ही विचारले.

‘‘हो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘भट्टीचा काय संबंध? चिमणीला पहिलीत मराठी शाळेत घालते. मी जूनला रुजू होते. तुमची बदली होईल तेव्हा होईल.’’ थोड्या वेळाने, पोळी उलटताना, पाठमोऱ्याच म्हणाल्या, ‘‘रागावलात?’’

आम्ही रागावलो नव्हतो. आमचा हिशेब चुकीच्या खात्यावर मांडलेला होता, एवढेच आमच्या ध्यानात येत होते. भट्टी चांगली निघाली म्हणूनच त्यांना जाणे सोपे झाले होते की काय, हे आम्हांस अजून नीट उलगडलेले नाही. हाताशी काही असलेला मनुष्य जितक्या सहज निघतो तितका रिकामा निघत नाही, हे आम्ही बदल्यांच्या फायलींत पाहिले आहे. पण घरातल्या माणसाची फाईल नसते.

दुकानाची मागणी एप्रिलमध्ये पुरी झाली. पेले आणि वाडगे झिलईच्या आगीत गेले, एकमेकांपासून दोन-दोन बोटे अंतर राखून, तीन खेपांत. कमी पडलेले दोन पेले त्यांनी नव्याने केले. रांजणाला मात्र सौ.नी झिलई दिली नाही. बिस्किट झालेले भांडे वर्ष-दोन वर्षे तसेच राहिले तरी त्याचे काही बिघडत नाही, ते फक्त धुळीपासून जपावे लागते, असे उस्तादजींनी सांगितले आहे. भद्रावती नागपुराहून फार दूर नाही आणि त्या गावाचे मातीच्या भांड्यांत नाव आहे, तेव्हा तिकडे काही जमते का ते त्या पाहणार आहेत. मे महिन्याच्या शेवटी रांजण बांधण्यासाठी आम्ही शेडवर गेलो. उस्तादजींनी लाकडी खोक्यात पेंढा भरला. रांजणाच्या पोटात सौ.नी कन्येची उन्हाळी झबली, दोन वाडगे आणि त्या चार पणत्या जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रांत गुंडाळून बसविल्या. झाकणी वर घातली आणि सुतळीने आडवीउभी बांधली.

चिरलेली बशी फळीवर तशीच होती. त्या दिवशी भट्टीत दुसऱ्या कोणाचा माल चढत होता आणि मागचा खुंट किंचित तोकडा पडत होता. उस्तादजींनी सौ.कडे पाहिले, त्यांनी मान हलविली. मग त्यांनी बशी दगडावर आपटून तिचा एक चपटा तुकडा निवडला, खुंटाखाली सारला, आणि लादी हलवून पाहिली.